उत्तरेच्या भिंतीची सातवी काच

८ फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार.

एक हजार बत्तीस काचांपैकी तीनशे अकरा नव्या कापून बसवल्या. त्या बसवायला लागणारी लांबी, म्हणजे काचेच्या कडेला भरायचा लगदा, विकतची नाही, खडूची पूड आणि जवसाचं तेल घेऊन घरी मळली. पडद्याच्या दोऱ्यांसाठी लाकडी कप्प्या बेचाळीस. पितळी तारेच्या कड्या तीनशे साठ, प्रत्येकीचा सांधा डाग देऊन बंद केलेला, म्हणजे कापड अडकणार नाही. शिड्या दोन, एक सतरा फुटी, एक नऊ फुटी. हवेच्या झडपांच्या मुठी अकरा. आणि काच खरवडायचं हत्यार एक, जुन्या करवतीच्या पात्याचं, त्याला बाभळीची मूठ. हे सगळं मी माझ्या हाताने केलं. पडद्यांचं कापड शिंप्याने शिवलं, ते मी माझ्या नावावर लावत नाही.

तुला वाटेल, हा वेडा कुठल्या घराबद्दल लिहितोय. आत्या, तुमच्या काचघराबद्दल. तुम्ही तिघं भावंडं लहानपणी जिथे कामाला जायचात, जिथे मुके सिनेमे काढायचे, ते. दिवे पुरे पडत नसत म्हणून छप्परच काचेचं बांधलेलं. इतकी वर्षं कुलपात होतं. आता एका कमिटीने ते सोडवलंय आणि डिसेंबरात लोकांना बघायला उघडणार आहेत. काचांचं आणि लाकडाचं काम माझ्याकडे आहे. कमिटीच्या आर्किटेक्टने पहिल्याच दिवशी विचारलं, "कुठे शिकलात?" मी म्हटलं, "बंद पडलेल्या वस्तू उघडून."

छपराच्या आठशे चाळीस काचांना आतून पांढरा थर होता, हाडासारखा घट्ट. सोड्याच्या पाण्याने भिजवून खरवडला, दोन महिने लागले. काल बारा वाजता मधोमध उभा राहिलो तर छपराच्या सळ्यांची सावली फरशीवर इतकी रेखीव पडली की मोजता येईल. मोजली. पाऊण इंच.

बाबा जाऊन आठ वर्षं झाली. आता त्या जागेबद्दल विचारावं असं तुझ्याशिवाय कोणी उरलं नाही. तर सांग, पडद्यांच्या दोऱ्या कुठल्या बाजूने ओढत असत? हुकांच्या दोन रांगा सापडल्यात आणि आर्किटेक्टला दोन्हींपैकी एकही कळत नाही.

उद्यापासून उत्तरेची भिंत घेतो. तिथे आठ ओळी आहेत, एकेका ओळीत चोवीस काचा.

तुझा भाचा,
फुटपट्टी


१८ फेब्रुवारी

चि. फुटपट्टीस आशीर्वाद.

तुझं पत्र आत्ता हातात पडलं आणि चहा तसाच टाकून लिहायला बसलेय. अक्षर मोठं आलं तर हसू नकोस, बारीक लिहिलेलं माझं मलाच दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, वर्षअखेरीला नुसता उजेड-अंधार कळेल, त्याहून जास्त धरून चालू नका. तुझी आतेबहीण मला रोज तीन वेळा थेंब घालते आणि तीन वेळा रागावते.

आधी कामाचं. उत्तरेच्या भिंतीला हात लावू नकोस. निदान सगळ्यात खालच्या ओळीला.

तो पांढरा थर म्हणजे मळ नाही रे बाबा. चुना, साय काढलेलं दूध आणि चिमूटभर नीळ. ऊन थेट पडलं की नटांच्या डोळ्यांखाली खड्डे दिसायचे, म्हणून आतून सगळ्या काचा पांढऱ्या करायच्या. ब्रशने केलं तर रेघा यायच्या आणि त्या चित्रात दिसायच्या. म्हणून हाताने, तळव्याने थापायचं. वरच्या काचा गडी माणसं करायची, खालच्या ओळी आम्ही मुलं. दर वर्षी धुऊन पुन्हा करायचो. तुझा बाप बारा वर्षांचा, मी नऊ, आणि धाकटा पाच. तुला एक काका होता आणि तो लहानपणीच गेला, एवढं दादाने तुला सांगितलं असेल. त्यापुढे दादा कधी बोलला नाही.

खालची ओळ, डावीकडून सातवी काच. थापायच्या ऐवजी धाकट्याने पाची बोटं पसरून अख्खा पंजा उमटवला. पुसायचं राहिलं, त्याचं कारण निराळं आहे, पुढे कधी सांगीन. त्या वर्षीच बोलपट आले. काचेच्या घरात आवाज घुमतो, बाहेरचं कुत्रंसुद्धा ऐकू येतं, म्हणून शूटिंग बंद पडलं आणि तो थर पुन्हा कुणी धुतलाच नाही. धाकटाही त्याच वर्षी तापाने गेला. त्याचा फोटो नाही. लोकांचे एवढे फोटो काढणाऱ्या जागेत आम्ही राबलो आणि आमच्या पोराचा एक फोटो नाही. आहे तो तेवढा हात.

बघून लिही, आहे ना?

दोऱ्या पूर्वेकडून. तुझा बाप ओढायचा. ढग आला की कॅमेरावाला "गेलं, गेलं!" म्हणून ओरडायचा आणि दादा माकडासारखा पळायचा. दुसरी हुकांची रांग मुलांचे कपडे वाळत घालायची होती. सांग तुझ्या आर्किटेक्टला.

तीनशे साठ कड्या आम्ही कधी पाहिल्या नाहीत. त्यातल्या साठ तू हौसेने केल्यास.

तुझी आत्या


३ मार्च

ती. आत्यास नमस्कार.

तुझं पत्र वेळेवर पोचलं. काळजी नसावी. खालची ओळ आहे तशी आहे.

हुकांबद्दल आर्किटेक्टला सांगितलं. त्याने नकाशात त्यांना "प्रकाशनियंत्रणाची दुय्यम व्यवस्था" असं नाव दिलं होतं. आता खोडून "कपडे" लिहिलंय. दोन दिवस तो माझ्याशी बोलत नाहीये.

कड्यांचं म्हणशील तर साठ नाहीत, बारा जास्त आहेत, आणि त्या सुट्या म्हणून ठेवल्यात.

थोडी माहिती हवी आहे. चुना किती, दूध किती, नीळ किती? वजनात सांगितलंस तर बरं. आणि सहज विचारतो, कमिटीला नोंद ठेवायची आहे म्हणून. धाकट्या काकांचा पंजा केवढा होता? उजवा की डावा? बोटं सरळ होती का? काचेच्या खालच्या कडेपासून साधारण किती उंचीवर? थर इतका जुना झालाय की कडा स्पष्ट दिसत नाहीत.

डोळ्यांची काळजी घे. थेंब चुकवू नकोस.

फुटपट्टी


१२ मार्च

चि. फुटपट्टीस,

साठ वर्षांत तो पंजा केवढा होता असं मला कुणी विचारलं नाही. तू विचारलंस. कमिटीला काय, माझ्याकडून हवं तेवढं लिहून घे.

उजवा हात. माझ्या मुठीत अख्खा मावायचा आणि वर अंगठा बाहेर राहायचा. तेव्हाची माझी मूठ आजच्या निम्मी असेल, बघ कसं मोजतोस ते. मधलं बोट पुढच्या पेरापाशी वाकडं होतं, दारात सापडलं होतं. ते सरळ व्हायचं नाही, त्यामुळे त्याचा ठसा टोकाला तुटलेला दिसायचा, आणि मग थोडी जागा सोडून नुसता एक ठिपका. तळव्याची उशी जाड. कशावर हात ठेवला की सगळा भार टाकायचा, जशी भिंत पडत असावी आणि यालाच ती धरायची असावी. काचेच्या मधोमध नाही, जरा डावीकडे, कारण उजवीकडे मी बसले होते आणि माझं ढोपर मध्ये येत होतं.

तो का पुसला नाही, ते सांगते. नटी जमिनीवर बसून रडते असा प्रसंग होता आणि मागे तीच भिंत दिसणार होती. कॅमेरावाल्याने कॅमेऱ्याला डोळा लावला. मग म्हणाला, "हिच्या खांद्याशी कुणाचा हात आहे?" आम्हाला वाटलं, आता मार. धाकटा उठून सरळ त्याच्यापुढे गेला, हात दाखवला आणि म्हणाला, "माझा." सगळे हसले. पुसून पुन्हा थापायचं, सुकायचं, म्हणजे ऊन जाणार. कॅमेरावाला म्हणाला, "राहू दे. बाई, दोन पावलं सरका." ती एवढी मोठी नटी, पण सरकली, आणि तिच्या खांद्याआड धाकट्याचा हात झाकला गेला. ते चित्र आता कुठे उरलेलं नाही. पण आमच्यासाठी जग एकदा दोन पावलं सरकलं होतं, एवढं खरं.

पुढच्या तीन आठवड्यांत तो गेला.

मापाचं म्हणशील तर वजन कुणी केलं नाही. येऊन दाखवीन. हो, मी यायचं म्हणतेय. तुझी आतेबहीण ओरडतेय, पण मला अजून दिसतंय तोवर तो हात बघायचाय.

तुझी आत्या


३१ मार्च

आत्या,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आता फाडत नाही.

तुझं १८ तारखेचं पत्र मला सत्तावीस फेब्रुवारीला मिळालं. उत्तरेची भिंत मी सोळालाच संपवली होती. खालच्या ओळीपासून सुरुवात केली होती, कारण वाकायचं काम आधी उरकलं की कंबर धरत नाही. ही माझी पद्धत आहे आणि मी ती चार जणांना अभिमानाने शिकवलीय.

सातवी काच मला आठवते. तिच्यावर पाच बोटांचा डाग दिसला होता. मला वाटलं, कुणा मजुराच्या पोराने हात मारलाय. बाकीचा थर निघाला, तो डाग निघेना. तिथे चुना जाड बसला होता. मी सोडा पुन्हा लावला, पात्याला धार केली आणि जोर दिला. निघाल्यावर काच उजेडात निरखून बघितली आणि स्वतःशी "वा" म्हणालो. आत्या, मी "वा" म्हणालो.

पुढचंही सांगतो. पत्र वेळेवर पोचलं असं तुला जे लिहिलं ते खोटं. कमिटीची नोंद खोटी. पंजाचं माप मला नकलेसाठी हवं होतं. सावरीच्या मऊ लाकडात मी उजवा हात कोरला. शेजारच्या मुलीच्या हातावरून तळव्याची उशी घेतली, मधलं बोट तू लिहिलंस तसं वाकवलं. फुटक्या काचांच्या तुकड्यांवर चुन्याच्या अकरा चाचण्या केल्या. चहाच्या पाण्याने जुनेपणा आणला. अकरावी साधली. ठिपकासुद्धा आला, थोडी जागा सोडून. माझ्या बायकोला दाखवली. ती म्हणाली, "हे कुणाचं पोर?"

तुझ्या डोळ्यांना काय, कुणाच्याही डोळ्यांना तो पंजा खोटा आहे हे कळलं नसतं. तू त्यावर हात ठेवला असतास आणि मी शेजारी उभा राहून बघत बसलो असतो. सगळं मला करता येतं असं मी आयुष्यभर सांगत आलोय. हेही आलं, आणि त्या दिवसापासून मला माझ्या हातांची भीती वाटते.

काच फोडली. लाकूड चुलीत घातलं.

तुझा एकुलता एक पुरावा मी पुसला. माफ कर असं लिहायचं धाडस नाही.

फुटपट्टी


१० मे

आत्या,

रागावली असशील तर तसं लिही. लिहायचं नसेल तर नुसतं रिकामं पाकीट पाठव. पत्ता तुझ्या हातचा असला म्हणजे झालं.

फुटपट्टी


२ जून

चि. फुटपट्टीस,

रिकामं पाकीट पाठवणार होते. तुझी आतेबहीण म्हणाली, "त्याचं वजन करत बसेल तो बिचारा." म्हणून लिहिते.

दोन महिने मी रागावले होते. नुसती नाही, चांगली रागावले होते. जेवताना रागवायचे, झोपताना रागवायचे. त्या "वा"साठी सगळ्यात जास्त. मग एक दिवस वाटलं, तो "वा" तू मला सांगितला नसतास तर मला कळणारच नव्हता. सांगायची काही गरज नव्हती तुला.

आता माझंही ऐक. तू खोटारडा आहेस, पण कच्चा. "सहज विचारतो" असं तू जन्मात कधी लिहिलेलं नाहीस. तू सहज काही विचारतच नाहीस. ३ मार्चचं पत्र वाचलं तेव्हाच मला संशय आला होता. तरी मी तुला सगळं लिहिलं, बोट, ठिपका, माझं ढोपर. कारण कुणीतरी विचारत होतं. खोटं का होईना, त्याच्याबद्दल विचारत होतं, आणि मला ते संपवायचं नव्हतं. तर खोट्यात मीही वाटेकरी आहे.

आणि दुसरं. साठ वर्षांत मी एकदाही का आले नाही? गाडी होती, पाय होते, कुलूपवाला दादाच्या ओळखीचा होता. आले नाही, कारण जाऊन पाहिलं आणि तो नसला तर? न पाहता तो रोज तिथे होता. मी त्याला राखणीला बसवलं होतं त्या भिंतीवर. पाच वर्षांच्या पोराला साठ वर्षं एका जागी उभं केलं. तू त्याला खाली उतरवलंस. वाईट तऱ्हेने उतरवलंस, धसमुसळ्या, पण उतरवलंस.

आता यायला मला कसली भीती नाही. सप्टेंबरात येते. काचा पांढऱ्या करायच्यात की तशाच उघड्याबोडक्या लोकांना दाखवणार आहात? चुना विरवून ठेव. महिनाभर आधी. आणि तुझा तराजू लपवून ठेव, मला दिसता कामा नये. म्हणजे तसंही दिसणार नाही म्हणा.

तुझी आत्या


१४ ऑक्टोबर

ती. आत्यास नमस्कार.

तू सुखरूप पोचल्याचं आतेबहिणीचं पत्र आलं. तुला भिंत धूसर दिसली असं तू गाडीत बसताना म्हणालीस, म्हणून काय झालं ते नीट लिहून पाठवतो. तिला वाचून दाखवायला सांग.

तू नऊ फुटी शिडीच्या खालच्या पायरीवर बसलीस. ती बसायला इतकी बरोबर उंचीची निघाली की ती मी त्यासाठीच केली होती असं आर्किटेक्टला वाटतं, आणि मी त्याची समजूत मोडलेली नाही. मी दूध मापून ओतत होतो तेव्हा तू म्हणालीस, "फेक तो कप." मग चुन्याचं पाणी हाताच्या पाठीवर घेतलंस, हात तिरपा केलास आणि थेंब मनगटापर्यंत किती वेळात येतो ते बघितलंस. बघितलंस म्हणजे, डोळे मिटून. मी आकडे मोजले. सहा. हे मी लिहून ठेवलंय, रागावू नकोस.

माझ्या पहिल्या दोन काचा तू धुवायला लावल्यास. "बोटं कशाला लागतात? बोटं वर. तळव्याच्या उशीने. पोळी उचलल्यासारखं काय करतोस?" सेहेचाळीस वर्षांत माझं काम कुणी धुवायला लावलं नव्हतं. तिसरी तू पास केलीस.

सातव्या काचेपाशी मी मागे झालो. मला वाटलं होतं, तू तुझा हात उमटवशील. मी बाजूला ओलं फडकं धरून उभा होतो, काय करावं ते कळत नव्हतं. तू डावीकडून सुरुवात केलीस, थापत उजवीकडे आलीस, थांबली नाहीस. संपल्यावर मी विचारलं, "खूण नाही ठेवलीस?" तू म्हणालीस, "माझं काम साफ असायचं. खुणा त्याच्या." आणि आठव्या काचेला हात घातलास. आठवीच्या मध्यावर मात्र थांबलीस आणि बराच वेळ हसलीस. काय आठवलं ते सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही, सहजसुद्धा.

तर दिसतं कसं, ते सांगतो. ओळीतल्या चोवीस काचा एकसारख्या आहेत. शोधायला गेलं तर सातवी सापडत नाही, डावीकडून मोजावी लागते. सकाळी नऊला उजेड आत येतो तो कुठून येतोय ते कळत नाही, नुसता सगळीकडे असतो. समोर माणूस उभा केला तर त्याच्या चेहऱ्यावर एकही सावली पडत नाही. मी बायकोला उभी केली. तिचं लग्नातलं वय दिसलं. हे तिला सांगायला हवं होतं ते मी आर्किटेक्टला सांगितलं, त्यावरून घरात बोलणं झालं.

उरलेली भिंत संपवली. छपराच्या चारशे दहा काचा झाल्या, तळव्याने, तुझ्या पद्धतीने. दोन माणसं शिकवून तयार केलीत. त्यांना मी सांगतो की हे मला माझ्या आत्याने शिकवलं. कुणीतरी मला शिकवलं असं सांगायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आलीय. तोंडाला सवय होतेय.

आता एक गोष्ट, जी तुला बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून कळावी. गेल्या शुक्रवारी कमिटीचे सेक्रेटरी माझ्या कारखान्यात आले. तू त्यांना चहावर धाकट्या काकांची गोष्ट सांगितली होतीस ना, नटी दोन पावलं सरकली ती, ती त्यांच्या मनात भरली. म्हणाले, लोकांना बघायला काहीतरी लागतं, पांढरी भिंत काय बघणार? सातव्या काचेवर लहान मुलाचा पंजा हवा. खाली पाटी, साठ वर्षांपूर्वीचा मूळ ठसा. "तुमच्या हाताला काय अवघड आहे? आणि खोटं कुठे आहे, हात तिथे होताच की." दाराच्या दगडावर आर्किटेक्टच्या वर माझं नाव कोरणार, आणि पैसे निराळे. आत्या, तुझ्यापासून लपवत नाही, मी त्यांच्याकडे सोमवारपर्यंत वेळ मागितला. शनिवारी दगडाची जागासुद्धा बघून आलो. चांगली जागा आहे, सकाळचं ऊन पडतं.

सोमवारी जाऊन नाही म्हणालो. पंच्याहत्तर हजार देत होते.

तुझा,
फुटपट्टी